बरं वाटल्यानंतरचे चार महिने

टीबीचं औषध महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतं, औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांत संपतो आणि तो पुरा घेणारी बहुतेक माणसं खडखडीत बरी होतात. तरीही लालबाग-परळच्या चाळींत, गिरगावातल्या भाड्याच्या खोल्यांत, दादरच्या बाजारात काम करणाऱ्यांमध्ये उपचार मध्येच सुटलेली माणसं आढळतात. मुंबईत दर वर्षी साठ हजारांच्या आसपास रुग्णांची नोंद होते, म्हणजे हा प्रश्न कुणा दूरच्या वस्तीचा नाही. उपचार सोडणाऱ्याबद्दल घरच्यांचं, शेजाऱ्यांचं आणि कधी कधी डॉक्टरांचंही एकच मत असतं, की माणूस बेफिकीर आहे, त्याला कोण काय करणार. हे मत मला पटत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा उपयोग शून्य आहे. उपचार कोणत्या आठवड्यात, कोणत्या कारणाने सुटेल याचा अंदाज बहुतेक वेळा आधीच बांधता येतो. म्हणून ज्याला मदत करायची आहे त्याने रुग्णाच्या स्वभावाचा विचार जरा बाजूला ठेवून त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचं कॅलेंडर समोर घ्यावं, असं मला सुचवायचं आहे.

घरी राहून बरं होणं ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते, पण ती सिद्ध करावी लागली होती. १९५०च्या दशकापर्यंत क्षयरोग म्हणजे सॅनिटोरियम हे समीकरण होतं. आपल्याकडे ऐपत असलेले मिरजेच्या वानलेस सॅनिटोरियमसारख्या ठिकाणी जात आणि ऐपत नसलेले घरीच खंगत. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग उपचार केंद्र सुरू झालं आणि तिथल्या संशोधकांनी गरीब वस्तीतल्या १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्याच औषधांसह घरी पाठवलं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही घरी उपचार घेतल्याने वाढलेला दिसला नाही. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच निष्कर्षावर उभा राहिला. पण या निष्कर्षाची एक अट पुढे विसरली गेली. मद्रासच्या रुग्णांकडे केंद्राची माणसं घरी जात, गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करत, आणि एवढं करूनही गोळ्या चुकवणारे निघतच. घर हे दवाखान्याइतकंच चांगलं ठरू शकतं, पण तिथे दवाखान्याचं काम कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं.

सहा महिने का, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं नीट उत्तर त्याला क्वचितच मिळतं. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं असतात. भराभर वाढणारे जंतू त्यांनी लवकर मरतात, म्हणून ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते. मागे उरतात ते सुस्त पडलेले थोडे जंतू. त्यांच्यावर औषध हळू चालतं आणि त्यांच्यासाठीच पुढचे चार महिने तीन औषधं चालू ठेवावी लागतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांमध्ये हा काळ नव्या औषधांची जोड देऊन चार महिन्यांवर आणून पाहिला. अशा एका चाचणीत थुंकी नेहमीपेक्षा लवकर स्वच्छ झाली आणि तरीही उपचार थांबल्यावर सहा महिने घेणाऱ्यांपेक्षा जास्त रुग्णांमध्ये रोग उलटला. थुंकी स्वच्छ होणं आणि रोग संपणं यात किती अंतर आहे, ते यावरून कळतं. पुढे २०१८ मध्ये याच चाचण्यांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा दहा टक्के किंवा त्याहून जास्त डोस चुकवणाऱ्यांमध्ये उपचार फसण्याचा किंवा रोग उलटण्याचा धोका जवळजवळ सहापट दिसला. सहा महिन्यांत साधारण १६८ डोस येतात. त्यांचे दहा टक्के म्हणजे सतराएक दिवस. महिन्याला तीन दिवस हुकले की माणूस त्या रेषेवर पोचतो, आणि एवढ्याला आपल्याकडे कुणी हयगय म्हणतही नाही. अलीकडे चार महिन्यांचा एक उपचार यशस्वी ठरला आहे, हे काहींच्या कानावर आलेलं असतं. ते खरं आहे, पण त्यातली औषधं वेगळी आहेत. आपल्या सहा महिन्यांच्या गोळ्या चौथ्या महिन्यात थांबवायला तो आधार होत नाही.

उपचार सुटण्याची पहिली वेळ पहिल्याच महिन्यात येते आणि तिचं कारण मळमळ हे असतं. वजनाप्रमाणे तीन-चार मोठ्या गोळ्या एकदम घ्यायच्या, वर पोटात ढवळतं. दुसऱ्या दिवशी गोळीकडे पाहूनच नकोसं होतं. इथे सोबत्याने, म्हणजे मदत करणाऱ्याने, दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. लघवी केशरी-लालसर होईल, ते रक्त नसून गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे. आणि मळमळ झाली तर गोळ्या बंद न करता दवाखान्यात सांगायचं. थोडं खाऊन घेणं, वेळ बदलणं, उलटीवरची गोळी देणं असे उपाय तिथे आहेत. मनानेच ॲसिडिटीचं औषध सोबत घेऊ नये, कारण काही अँटासिडमुळे टीबीचं औषध अंगी कमी लागतं. सांधे दुखणं, हातापायांना मुंग्या येणं यांवरही इलाज असतो. मात्र डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, सतत उलट्या, नजर अंधुक होणं किंवा रंग नीट न ओळखता येणं ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रुग्ण मधुमेहाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेत असेल तर पहिल्याच दिवशी त्या दाखवाव्यात. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, हे विवाहित तरुणींना सांगायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

दुसरी वेळ दोन महिन्यांनंतरची, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची. वजन वाढलेलं असतं, माणूस कामावर जायला लागलेला असतो, घरच्यांचीही काळजी ओसरलेली असते. नेमक्या याच वेळी सोबत्याचा उत्साहही संपतो. पहिल्या महिन्यात रोज विचारपूस करणाऱ्या घरांत तिसऱ्या महिन्यात गोळीचा विषयही निघत नाही. मदत करणाऱ्याने आपली ताकद उलट वाटून ठेवावी. सुरुवातीला आजारच माणसाला गोळी घ्यायला लावतो. बरं वाटू लागल्यावर ते काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. दोन महिन्यांनंतरच्या थुंकी तपासणीला रुग्णाबरोबर जाणं आणि अहवाल स्वच्छ आला तरी पुढचे चार महिने का आहेत हे डॉक्टरांच्या तोंडून त्याच्यासमोर वदवून घेणं, एवढं एक काम केलं तरी पुष्कळ साधतं.

तिसरी वेळ या भागातल्या माणसांना सांगायला नको, ती गावाची. लालबाग, परळ, गिरगावातली किती कुटुंबं रत्नागिरी-सिंधुदुर्गाची, साताऱ्या-कोल्हापूरची आहेत हे आपण जाणतो. गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना. उपचार वर्षाच्या कोणत्याही दिवशी सुरू झाला तरी सहा महिन्यांत यांतलं एकतरी गावी जाणं येतंच. गोळ्या मुंबईत राहतात आणि माणूस गावी, दोन दिवसांचे बारा दिवस होतात, आणि परत आल्यावर दवाखान्यात ओरडा बसेल म्हणून तो तिकडे फिरकत नाही. याला उपाय अगदी साधा आहे. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात दवाखान्याला सांगून जास्तीच्या गोळ्या मागून घ्याव्यात. मुक्काम लांबणार असेल तर निक्षय आयडी, म्हणजे टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, जवळ ठेवावा. ही नोंद देशभर एकच असते आणि तिच्या आधारे गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून उपचार चालू ठेवता येतात. उपचाराच्या पहिल्या दिवशीच सहा महिन्यांतली सगळी लग्नं, जत्रा आणि सण रुग्णासोबत बसून लिहून काढले, तर पुढची निम्मी पळापळ वाचते.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. एवढं मागेपुढे करण्यापेक्षा आरोग्य सेविकेने समोर उभं राहून गोळी गिळायला लावावी, डॉट्स त्यासाठीच तर आहे. समोर गोळी देण्याची पद्धत जगभर राबवली गेली, आणि म्हणूनच ती तपासलीही गेली. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर नुसतं समोर गोळी गिळायला लावल्याने बरे होणाऱ्यांचं प्रमाण, स्वतः गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ठळकपणे वाढलेलं दिसत नाही. फोनच्या पाळतीचंही तसंच. गोळीच्या पाकिटाखाली दडलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायची पद्धत आपल्याकडे आली, तेव्हा चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांची लघवी तपासून तिची खातरजमा केली गेली, आणि फोनची नोंद व पोटातली गोळी यांचा मेळ नीट बसला नाही. यावरून देखरेख निरुपयोगी आहे असा अर्थ मी काढत नाही. अगदी एकट्या पडलेल्या, वृद्ध किंवा विसरभोळ्या रुग्णाला रोज समोर गोळी देणारं माणूस हवंच. पण रोज दवाखान्यात येण्याच्या सक्तीपायी ज्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, त्याच्या बाबतीत देखरेखच अडथळा ठरते. सोबत्याने गोळी घेताना समोर असावं, पण ते रुग्णाने निवडलेल्या वेळी आणि रुग्णाने निवडलेलं माणूस असावं.

या निवडीला चाळीत फार महत्त्व आहे. सामाईक गॅलरी, सामाईक संडास आणि उघडी दारं. इथे कुणाकडे आरोग्य सेविका तिसऱ्यांदा आली की मजल्याला कळतं. मुलीचं लग्न ठरायचं असेल, भाड्याची खोली असेल किंवा नोकरी हॉटेलात असेल, तर रुग्ण सेविकेला टाळतो आणि सेविकेबरोबर उपचारही टळतो. आजार लपवू नये, समाजाने बदललं पाहिजे, असं म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत, पण समाज सहा महिन्यांत बदलत नाही आणि रुग्णाचा कोर्स सहा महिन्यांचाच आहे. तेव्हा भेट कुठे व्हावी हे त्याला विचारावं. कामाच्या जागेजवळचा दवाखाना, ओळखीचा केमिस्ट, थोरली बहीण, कुणीही चालेल. घरात मात्र भांडी, पांघरुणं, ताटवाट्या वेगळ्या करण्याचं काही कारण नाही, कारण हा रोग हवेतून पसरतो. सुरुवातीचे काही आठवडे खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क आणि खोलीत उघडी खिडकी, एवढं पुरतं. योग्य औषध सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. वेगळं ताट वाढून घेणारा माणूस आपली गोळी सगळ्यांसमोर कशाला घेईल? आणि ज्यांना इथे घरच नाही त्यांचं काय? गावकीच्या खोल्यांत, कारखान्याच्या पोटमाळ्यावर, दुकानात झोपणाऱ्यांसाठी शेठ किंवा डबा देणाऱ्या बाई हेच जवळचं माणूस असतं. त्यांना सोबती करायला कार्यक्रमात कुठेही आडकाठी नाही.

अन्नाचा मुद्दा थोडा सावकाश पाहायला हवा, कारण त्यात दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. मद्रासच्या अभ्यासात घरी राहिलेल्यांचं जेवण सॅनिटोरियमपेक्षा निकस होतं आणि तरी ते बरे झाले. म्हणून पुढे अनेक वर्षं, औषध पुरेसं आहे, आहाराचं एवढं काय, असं मानलं गेलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकांत आलेल्या अभ्यासाने हे चित्र पालटलं. २,८०० रुग्णांना औषधांबरोबर तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. शिवाय ज्या घरांत रुग्णाखेरीज बाकीच्या माणसांनाही शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. या दोन अभ्यासांत मला विरोध दिसत नाही. उपाशी माणसावरही गोळी काम करते, म्हणून खायला नाही या सबबीवर गोळी थांबवू नये. आणि हाडं दिसणाऱ्या माणसाला नुसत्या गोळीवर सोडूही नये. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात २०१८ पासून महिना पाचशे रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हजारात मुंबईत काय होतं, हा आक्षेप रास्तच आहे. पण हे पैसेही आधार किंवा खात्याच्या घोळात अडकून पडतात, तेव्हा पहिल्या महिन्यातच पासबुक तपासून घेणं हे सोबत्याचं काम. राहिलेली तूट परिसराने भरायची. गिरणगावाला हे नवं नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, ते याच भागात. आज गणेशोत्सव मंडळांनाही निक्षय मित्र म्हणून नोंदणी करून रुग्णांचा शिधा उचलता येतो. फक्त वाटपाचे फोटो काढू नयेत. रुग्णाचं नाव आणि चेहरा फलकावर झळकवणारी मदत त्याला दवाखान्यापासून आणखी लांब नेते.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. दोष नेहमी रुग्णाकडेच का, व्यवस्थेचं काय? हा प्रश्न मुंबईने तर विचारायलाच हवा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावीच्या शंभर खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. वीसेक वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा १०६ डॉक्टरांपैकी अवघ्या सहा जणांना बरोबर चिठ्ठी लिहिता आली. त्यांनीच त्यानंतर तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगापुढे आणले. त्यांतल्या तिघांना अनेक खासगी डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत, अनेकदा चुकीच्या मात्रेत, उपचार दिले होते. शिवाय २०२४ मध्ये तर नेहमीच्या गोळ्यांचाच देशभर तुटवडा पडला आणि रुग्णांना रिकाम्या हाती परतावं लागलं. म्हणजे आक्षेप खरा आहे. पण रुग्णाच्या बाजूने उभं राहणाऱ्याला त्यातून कामच मिळतं. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी २०१२ पासून त्याने रुग्णाची सरकारकडे नोंद करणं बंधनकारक आहे, ती झाली का विचारा. नोंद असेल तर खासगी रुग्णालाही योजनेचे पैसे मिळतात. पहिल्याच थुंकीवर, रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात का ही तपासणी झाली का, तेही विचारा. घरात आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढचं पाकीट आणा, म्हणजे तुटवडा कळेल तेव्हा हातात काही दिवस असतील. एका डॉक्टरचा गुण येत नाही म्हणून दुसरा शोधायचाच असेल तर आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि डॉक्टर एकच नवं औषध वाढवून देत असेल तर शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात किंवा केईएमसारख्या ठिकाणी सल्ला घेतल्याशिवाय ते सुरू करू नका.

दारू पिणाऱ्याबद्दल घरचे हात टेकतात, ते समजण्यासारखं आहे. पण प्यायलेल्या दिवशी गोळी देऊ नये हा समज त्याचे निम्मे डोस बुडवतो. दारूने यकृताला इजा होण्याची भीती वाढते, म्हणून डॉक्टरांना खरं सांगून यकृताची तपासणी वरचेवर करायची आणि गोळी मात्र सकाळी, शुद्धीत असताना, रोज द्यायची. दारू सुटेपर्यंत टीबीचा उपचार थांबवून ठेवला तर दोन्ही राहतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत. महिनाभर खंड पडला तर घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत. थुंकी तपासून उपचार नव्याने ठरवावा लागतो. परत येणाऱ्याला दाराशीच बोलणी बसली तर तो पुन्हा जातो, तेव्हा सोबत्याने बरोबर जावं आणि बोलणी आपण खावीत. पूर्वी एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, झाला म्हणून रोजच्या इंजेक्शनांना आणि दीड-दोन वर्षांच्या कोर्सला घाबरून उपचार सोडलेल्यांना आजची बातमी कुणीतरी पोचवली पाहिजे. २०२४ मध्ये आपल्याकडे मंजूर झालेल्या नव्या औषधयोजनेत पात्र रुग्णांना इंजेक्शनाशिवाय, फक्त तोंडी गोळ्यांवर, सहा महिन्यांत उपचार पुरा करता येतो.

शेवटची गोळी संपली की दवाखान्याची वाट विसरू नये. उपचाराच्या अखेरची थुंकी तपासणी करून घ्या आणि मग दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एकदा जाऊन या. रोग उलटला तर तो बहुतेक वेळा याच काळात उलटतो. घरातली बाकीची माणसं, विशेषतः पाच वर्षांखालची मुलं, तपासली गेली नसतील तर त्यांना या आठवड्यातच न्या. ज्यांना टीबी नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. अडचण आली, गोळ्या मिळाल्या नाहीत, पैसे जमा झाले नाहीत, तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा निःशुल्क क्रमांक आहे. तो रुग्णाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा.